अहल्याची आपत्ती

पितृपक्ष संपत आला की अहल्याच्या घरात कुणाला पाठ टेकायला सवड मिळत नसे. पुढं नवरात्र, दसरा, दिवाळी. वर्षभर बाडीत, फुलांच्या मळ्यात, राबायचं ते या दिवसांसाठी. त्या वर्षी पावसानं लवकर पाठ फिरवली होती, तरी विहिरीला पाणी होतं, आणि झेंडूनं कळ्या अशा धरल्या होत्या की फांद्या मातीला टेकत होत्या.

उज्जैनीत नानाखेड्याचा बस अड्डा मागं टाकून आत वळलं की कॉलनी लागायची. बँकेतले, रेल्वेतले, शाळांमधले मराठी लोक, निम्मं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढून मग इथं प्लॉट घेतलेले. घरं एकमजली, फार तर वर एक खोली. कॉलनीची शेवटची गल्ली संपायची तिथं विष्णूची, अहल्याच्या नवऱ्याची, बाडी सुरू व्हायची आणि नाल्यापर्यंत उतरत जायची. विष्णूचे पूर्वज दख्खनेतून सरदारांच्या बागेवर माळी म्हणून आले, ते इथलेच झाले. घर आणि वरचा तुकडा नावावर होता. खालचा, नाल्याच्या कडेचा पट्टा सरकारी होता. पण विहीर त्या पट्ट्यात होती, विष्णूच्या आजोबांनी खोदलेली, आणि तेव्हापासून तो पट्टाही हेच घर कसत आलं होतं. कुणी कधी विचारलं नव्हतं. यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी अहल्या ओटीत फुलं तोडत होती. बाडीच्या दक्षिणेला सोयाबीनचं शेत होतं, ते गेल्या वर्षी इंदूरच्या एका सेठनं घेतलं होतं आणि तेव्हापासून त्यात नुसतं गवत माजलं होतं. आज तिथं चार माणसं फिरत होती. दोघं फीत धरून उभे, एक जण मागून चुन्याची रेघ ओढत येत होता. चौथा पांढऱ्या बुशशर्टातला, पोट सुटलेला माणूस कुंपणाची तार वाकवून सरळ आत आला.

"बाई, पानी मिलेगा?"

अहल्यानं बादली खाली सोडली, तांब्या भरून दिला. तांब्या उंच धरून तो पाणी प्यायला, उरलेलं त्यानं तोंडावर मारलं. तो सेठचा माणूस होता, नागरजी.

"मीठा पानी है," तो म्हणाला. "अब आपकी भी किस्मत खुलेगी. फ्लॅट बन रहे हैं. पाँच मंजिल."

"पाँच?"

"छूट माँगी है. मिल जाएगी." त्यानं झेंडूचं एक फूल तोडून खिशाला लावलं. "आपके फूल फिर यहीं बिक जाएँगे. देवास गेट जाना ही नहीं पड़ेगा."

तो गेल्यावर अहल्या तशीच उभी राहिली. शेवंतीचे वाफे त्या शेताला लागून होते. थंडीत सूर्य त्याच अंगानं, खालून खालून जायचा. पाच मजले उभे राहिले तर वाफ्यांवर दिवसभर सावली पडणार, एवढं तिला दिसलं. सावलीतली शेवंती उंच वाढते आणि फुलत नाही. तिनं ओटी सोडली, फुलं टोपलीत ओतली आणि विष्णूला हाक मारली.

विष्णू सायकलवर पोतं बांधत होता. सायकल घसरून पडल्यापासून त्याचा डावा खुबा धरला होता. पेडल मारताना तो एका बाजूनं उचलला जायचा. तरी रोज देवास गेटच्या बाजारात पोतं तोच न्यायचा.

"मोठ्या लोकांचं काम आहे," सगळं ऐकून तो म्हणाला. "आपण बोलून काय होणार?"

* * *

बोलणारे दुसरे निघाले. भय्यासाहेब बँकेतून निवृत्त झालेले, कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या घरी अहल्या रोज पूजेची फुलं घेऊन जायची ती मागच्या दारानं. त्यांची बायको जयू तिथं परडी धरून उभी असायची. सर्वपित्रीच्या चार-पाच दिवस आधी जयू म्हणाली, "अहल्या, संध्याकाळी मीटिंग आहे. विष्णूलाही घेऊन ये. आणि पुढच्या दारानं या बरं."

संध्याकाळी दोघं गेले. बैठकीत खुर्च्या भरल्या होत्या. अहल्यानं पाय धुतले होते, पण टाचांच्या भेगांत काळी माती राहिलीच होती. तिनं पाय साडीच्या आत ओढून घेतले आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकली. विष्णू उभाच राहिला. कुणी "बस" म्हटलं नाही, आणि त्यालाही बसायचं नव्हतं. बसलं की खुबा उठताना जीव घ्यायचा.

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला. "या भागाच्या नकाशात दोन मजल्यांच्या वर परवानगी नाही. नाल्याच्या कडेची जागा मोकळी सोडायची आहे. आणि एवढ्या मोठ्या इमारतीला जेवढा रुंद रस्ता लागतो तेवढा त्यांच्याकडे नाही. या तिन्ही गोष्टींत सेठला सवलत हवी आहे. मजले वाढवून हवेत, मोकळी जागा घटवून हवी, आणि येण्याजाण्याला आपली शेवटची गल्ली हवी आहे."

"म्हणजे त्यांच्या गाड्या आमच्या ओट्यावरून जाणार," कुणीतरी म्हणालं.

"आणि पाणी? आपल्या नळाला एक दिवसाआड येतं तेवढं पण नाही राहणार."

"म्हणून आपत्ती लावायची," भय्यासाहेब म्हणाले. उज्जैनीत हरकतीला सगळे आपत्तीच म्हणत. "मुदत आहे. सुनवाई होईल. पण जितकी घरं जास्त तितकं वजन." मग ते अहल्याकडे वळले. "अहल्याबाई, तुमचं रोज घरोघर जाणं आहे. दस्तखत तुम्ही आणाल का? तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही."

एवढ्या माणसांत भय्यासाहेब तिला काही मागत होते. अहल्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "आणते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती फुलांच्या पुड्यांबरोबर कागद घेऊन फिरू लागली. कागद ओला होऊ नये म्हणून तो पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला असायचा. एका घरी म्हातारबुवांनी चष्मा सापडेपर्यंत तिला उन्हात उभं ठेवलं. एका घरी मुलासाठी फ्लॅट घ्यायचा विचार होता. त्यांनी पुडी घेतली, दार लावून घेतलं. बाकीच्यांनी सह्या केल्या. शेवटी तिनं स्वतःचं नाव लिहिलं, अक्षर अक्षर मोकळं ठेवून. मुलगी गौरी कॉलेजात शिकत होती, तिनं कागद पाहून म्हटलं, "आई, तुझी सही सगळ्यांत मोठी आहे."

"जागा होती म्हणून मोठी केली," अहल्या म्हणाली.

* * *

घटस्थापनेच्या सकाळी सेठच्या शेतात बोरिंगची मशीन आली. परवानगी मिळायची होती, पण मशीन आली. तिच्या धडधडीनं घरातली भांडी वाजू लागली. पांढऱ्या दगडाचा भुगा उडून झेंडूवर बसला. विष्णूनं विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं आणि दुपार होईतो कडेची ओली रेघ वर उघडी पडली.

अहल्या पळतच कॉलनीत गेली. मागच्या दारानं, पुढच्या दारानं, जे सापडेल त्यानं. बायका हातातलं टाकून आल्या, पुरुष चपला शोधत आले. भय्यासाहेब सोवळ्यातच होते. वरून सदरा चढवून आले. सगळे मशीनच्या भोवती उभे राहिले.

"बंद करो," भय्यासाहेब म्हणाले. "सुनवाई के पहले एक हाथ जमीन नहीं खुदेगी."

नागरजी म्हणाला, "पूजा के दिन क्यों झगड़ा करते हो, बाबूजी. सबको पानी चाहिए."

मशीनवाल्यानं ट्रक मागं घेतला. मागं अहल्या होती. तिला कुणी ढकललं नाही, कुणी मारलं नाही. ट्रक आला, ती बाजूला झाली, पाइपांच्या ढिगावर पाय घसरला आणि उजवा हात अंगाखाली सापडला. मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज झाला तो तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

मशीन बंद झाली. ती त्या दिवशी परत गेली, पुन्हा आली नाही.

इस्पितळात हाताला प्लास्टर घातलं. भय्यासाहेब स्वतः रिक्षा करून घेऊन गेले होते. परत येताना ते तिला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घेऊन गेले. "हात जरा वर धरा, अहल्याबाई," फोटो काढणारा म्हणाला. तिनं धरला. हात भरून आला होता, बोटांचे शेंडे निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. त्यात तिचं तोंड अर्धं कापलं गेलं होतं, हात मात्र पूर्ण होता.

नवरात्राच्या ऐन धामधुमीत उजवा हात गेला. माळा ओवायच्या कशा? गौरीनं कॉलेज बुडवलं. विष्णू दुपारी बाजारातून आला की सुई घेऊन बसायचा. त्याच्या जाड बोटांत सुई राहायची नाही, फुलाच्या देठाऐवजी अंगठ्यात शिरायची. अहल्या डाव्या हातानं पाकळ्या गळालेली फुलं निवडायची. दसरा दोन दिवसांवर आला आणि तोडलेल्या फुलांचे ढीग पडवीत गरम होऊ लागले.

त्या दुपारी जयू आली. तिच्या मागं कॉलनीतल्या आणखी पाच-सहा बायका होत्या. सुया घेऊन आल्या होत्या, घरून चटया आणल्या होत्या.

"सांग कशा करायच्या," जयू म्हणाली आणि पडवीत मांडी घालून बसली.

"अहो वहिनी, तुम्ही कशाला..."

"तुझा हात कुणासाठी मोडला? सांग."

अहल्यानं सांगितलं. दोन केशरी, एक पिवळं, मध्ये अशोकाचं पान. सुरुवातीला जयूच्या माळेतली फुलं सरकत होती, मागं गाठ राहिली नव्हती. मग जमलं. बायका बोलत होत्या, सुनांबद्दल, नळाबद्दल, डाळीच्या भावाबद्दल. ऊन कलल्यावर गौरीनं चहा केला आणि घरातल्या कपांत दिला. कडा उडालेले कप होते. जयूनं घेतला, प्यायली, कप तिथंच हौदावर स्वतः विसळून ठेवला. अहल्या लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून कॉलनीतल्या कुणी तिच्या घरचा चहा घेतला नव्हता. ती प्लास्टरच्या हातानं टोपली पुढं सरकवत राहिली.

रात्री विष्णू म्हणाला, "माणसं चांगली आहेत."

"आहेतच," अहल्या म्हणाली.

* * *

दिवाळी झाली. प्लास्टर निघालं, मनगट जरा वाकडं बसलं होतं, खुरपं धरलं की कळ कोपरापर्यंत जायची. सुनवाईची तारीख लागली होती. तुळशीच्या लग्नाच्या आधी एका सकाळी अहल्या शेवंतीच्या वाफ्यात तण काढत होती, तेव्हा बाडीच्या फाटकाशी भय्यासाहेब दिसले. ते कधी इथवर आले नव्हते. फाटकाच्या आत पाऊल न टाकता उभे राहिले.

"या ना, बसा," ती उठली.

"नाही, उभाच बरा." त्यांनी हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. "अहल्याबाई, एक चांगली बातमी आहे. चार दिवसांपूर्वी सेठ स्वतः येऊन गेले. चार मजल्यांवर तयार झाले. बोरिंगचं पाणी ते कॉलनीलाही देणार आहेत. आणि मुख्य म्हणजे, आपल्या गल्लीतून रस्ता नाही."

"मग कुठून?"

भय्यासाहेबांनी काठीनं नाल्याच्या दिशेला दाखवलं. काठी पुरती वर उचलली नाही. "कडेकडेनं. सरकारी पट्टा आहे तो. तिथून नेला की सेठचा मुख्य रस्त्याला मार्ग निघतो."

अहल्यानं तिकडे पाहिलं. पट्ट्यात विहिरीचा काठ दिसत होता, काठावर मोटरची वायर, सकाळी धुतलेली पोती वाळत घातलेली.

"तिथं विहीर आहे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"विहीर गेली तर वरचा तुकडा कशावर भिजवायचा?"

"मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, जमीन यांच्या नावावर नाही, आम्ही काय करणार. कायद्यानं त्यांचं खरं आहे." भय्यासाहेबांचा आवाज खाली गेला. "मी शेवटपर्यंत भांडलो, अहल्याबाई. पण परवाच्या मीटिंगीत सगळ्यांनी हात वर केले. आणखी किती ताणणार? लोकांना आपापली घरं आहेत."

"आम्हाला नाही बोलावलं मीटिंगीला."

भय्यासाहेबांनी काठीचं टोक मातीत रुतवलं. मग म्हणाले, "समितीच्या हिशोबानं तुमचं घर कॉलनीत येत नाही ना. बाडी धरली जाते."

हे त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. तिला ते कळत होतं. तिनं ओंजळीतलं तण बांधावर टाकलं.

"दस्तखत आणायला मला पाठवलंत तेव्हा कॉलनीत होतं आमचं घर," ती म्हणाली.

भय्यासाहेब काठी टेकत परत गेले.

विष्णूला दुपारी सांगितलं. तो जेवत होता. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यानं ऐकलं, मग तो तुकडा ताटात ठेवला.

"सरकारी आहे ते तर खरंच आहे," तो म्हणाला.

"तुमच्या आजोबांनी खोदली तेव्हा सरकारला नाही दिसली?"

"वैर नको घेऊस. रोजची गिऱ्हाइकं आहेत. उद्या फुलं बंद केली त्यांनी तर?" त्यानं पाय लांब केला, खुब्यावर हात दाबला. "मी त्या पाण्यात पोहायला शिकलो. मला काही वाटत नसेल असं नको समजू."

गौरी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आई, त्या कागदावर तुझं नाव आहे. ते सगळ्यांतर्फे आपत्ती परत घेतील, त्यात तुझीही जाईल. तू म्हटलंस तरच ती राहील."

"राहून काय होणार?" विष्णू म्हणाला.

अहल्या उठली, मोटर सुरू केली आणि खालच्या पट्ट्यातल्या गुलाबांना पाणी सोडायला गेली. पाटात पाणी धावत आलं, कोरड्या ढेकळांत मुरलं, मग फेस घेऊन पुढं सरकलं. तिनं वाफ्याचं तोंड पायानंच उघडलं. रोज जेवढं पाणी द्यायची तेवढंच दिलं, जास्त नाही, कमी नाही.

* * *

सुनवाईच्या दिवशी ती आणि गौरी टेम्पोनं गेल्या. विष्णू आला नाही, दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार झाला होता, पण टेम्पोत चढायच्या वेळी म्हणाला, "कोण राहील बाडीत?" आणि परत फिरला.

कचेरीच्या खोलीत बाकं कमी होती. कॉलनीतले लोक इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. अहल्याला पाहून दोघं-तिघं सरकले, जागा केली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. नागरजी खिडकीशी होता. त्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे हलवतात तशी.

साहेब तरुण होता. त्याला सर्दी झाली होती, रुमाल टेबलावरच ठेवला होता. भय्यासाहेब उभे राहिले.

"महोदय, हमारी चर्चा हो चुकी है. संशोधित नक्शे पर हमें कोई आपत्ति नहीं है. सभी की ओर से हम आपत्ति वापस लेते हैं."

"सभी की ओर से," साहेब लिहिता लिहिता म्हणाला.

अहल्या भिंतीपासून पुढं सरकली. आवाज निघाला तो तिच्या अंदाजापेक्षा मोठा होता.

"मेरी नहीं, साहब."

सगळे वळले. साहेबानं पेन थांबवलं. "आप कौन?"

"अहल्या. फूलवाली बाडी. उसमें मेरा नाम है."

साहेबानं कागद उलटे करून पाहिले. नाव सापडलं. नागरजी पुढं झाला. "साहब, इनका तो सरकारी जमीन पर कब्जा है. इन्हें आपत्ति का क्या हक?"

"कुआँ आपका है?" साहेबानं तिला विचारलं.

"हमारे दादा-ससुर ने खोदा."

"जमीन?"

"जमीन सरकार की."

खोलीत कुणीतरी सुस्कारा सोडला. साहेबाच्या तोंडावर थोडा कंटाळा आणि थोडी कीव, दोन्ही दिसलं. "माताजी, जब जमीन आपकी नहीं है, तो मैं इसमें क्या कर सकता हूँ? रास्ता तो निकलेगा. आपकी आपत्ति से रुकेगा नहीं."

"समझती हूँ," अहल्या म्हणाली. तिनं उजवा हात डाव्या हातानं धरला होता. "आपको लेना है तो ले लो. कुआँ भी ले लो. मैं कहाँ रोक सकती हूँ. पर कागज में मेरी हाँ मत लिखना, साहब. मैंने हाँ नहीं कही."

पंख्याखाली कागद फडफडत होते. साहेबानं रुमालानं नाक पुसलं, मग लिहिलं. लिहिताना ओठ हलत होते. "एक आपत्ति कायम," तो म्हणाला. "ठीक है? दस्तखत कर दीजिए."

मनगट वळत नव्हतं. सही वेडीवाकडी आली, पण सगळी अक्षरं आली.

बाहेर पायऱ्यांवर कॉलनीतले लोक घोळक्यानं उभे होते. भय्यासाहेब म्हणाले, "अहल्याबाई, रिक्षात जागा आहे."

"आम्ही टेम्पोनं जातो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुलं घेऊन निघाली. विष्णूला वाटलं होतं दारं बंद मिळतील. कुणी बंद केली नाहीत. लोकांनी पुड्या घेतल्या. काहींनी नेहमीपेक्षा जास्त प्रेमानं विचारपूस केली. जयू मागच्या दारात परडी घेऊन उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"चहा घेतेस?" ती म्हणाली.

"नको, वहिनी. बरीच घरं राहिलीत अजून."

* * *

हुकूम पौषात आला. चार मजले मंजूर, नाल्याच्या कडेनं रस्ता मंजूर. अहल्याच्या आपत्तीबद्दल एक ओळ होती: विचार केला, स्वीकारण्याजोगी नाही. गौरीनं ती ओळ दोनदा वाचून दाखवली. अहल्या म्हणाली, "आहे ना लिहिलेली? मग ठीक."

विष्णूनं गावाबाहेर त्रिवेणीकडे एका पाटलाच्या मळ्यातला तुकडा बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, मिळवला. पाणी होतं, पण लांब होतं. सायकलवर जायला यायला दिवस मोडणार होता. घर इथंच राहणार होतं. वरच्या तुकड्यात पावसावर येईल ते घ्यायचं ठरलं. शेवंतीचे फुटवे मुळासकट उचलून तिकडे लावायचे होते, गुलाबाच्या काड्या छाटून न्यायच्या होत्या. एक आठवडा घरातले तिघंही वाकलेले होते. मातीसकट रोप उचलायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं. हुडहुडी भरणारी थंडी होती आणि ओल्या मातीनं बोटं बधिर व्हायची.

मुरूम घेऊन ट्रक आले त्या सकाळी विष्णू विहिरीत उतरायला निघाला. मोटर काढायची राहिली होती. अहल्या म्हणाली, "मजूर बघू." त्यानं ऐकलं नाही. कमरेला दोर बांधून, भिंतीतल्या दगडी खुंट्यांवर पाय देत, दुखरा पाय आधी सोडून मग चांगला, असा तो खाली गेला. गौरी आणि अहल्यानं दोर धरला होता. ट्रकवाला बिडी पेटवून थांबला. खालून पान्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. एकदा बराच वेळ थांबला.

"बाबा?" गौरीनं हाक मारली.

"आहे," खालून आवाज आला. "पाणी गार आहे फार."

मोटर वर आली, मग तो आला. छातीपर्यंत भिजलेला, दात वाजत होते. अहल्यानं त्याच्या अंगावर पोतं टाकलं. तो विहिरीकडे पाठ करून बसला आणि मोटरीतलं पाणी काढू लागला.

ट्रकनं पहिली खेप ओतली. आवाज आधी पाण्याचा झाला, नंतरच्या खेपांना नुसता मातीचा. लाल धूळ उठली आणि नाल्यावरून कॉलनीकडे सरकली. गल्लीतल्या गच्चीवर काही लोक आले होते. ते बघत होते, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे कठड्यावर ठेवून.

अहल्यानं तिकडे पाहिलं नाही. शेवटचा वाफा उचलायचा राहिला होता. ती उकिडवी बसली, डाव्या हातानं खुरपं चालवायची सवय आता झाली होती. थोड्या वेळानं समोर सावली पडली. भय्यासाहेब होते. आज ते फाटकाशी थांबले नव्हते. सरळ आत आले होते, कानटोपी हातात धरून.

"अहल्याबाई," ते म्हणाले. "मी नगर निगमात एकाशी बोललो आहे. तुमच्या घराला नळाची जोडणी लवकर मिळेल. मी स्वतः जाऊन... मला झोप येत नाही हो. खरं सांगतो."

तिनं मान वर केली. म्हातारा माणूस होता. थंडीनं की कशानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला त्यांचा राग आला नाही आणि त्यांना बरं वाटेल असंही काही तोंडात आलं नाही. तिची नजर खाली गेली.

"भय्यासाहेब," ती हळू म्हणाली, "जरा बाजूला व्हा. रोपांवर उभे आहात."

भय्यासाहेबांनी खाली पाहिलं. बुटाखाली हिरवी पानं दबली होती. त्यांनी एक पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी धरून ते इकडेतिकडे बघू लागले. चहूकडे रोपंच होती.